हातातला मोबाइल आणि झाकली मूठ

पैनगंगेच्या खोऱ्यातील रिसोड हे वाशिम जिल्ह्यातील बाजाराचे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांच्या आवकीने येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार हंगामात गजबजून जाते. माल विकून पट्टी हाती पडली, की पूर्वीचा शेतकरी रोख रक्कम कनवटीला लावून घरची वाट धरीत असे. आता रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि त्याच मोबाइलवरून बियाण्याच्या दुकानदाराचे देणेही चुकते केले जाते.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत जिल्हा कचेरीच्या कामासाठी रिसोडच्या माणसाला अकोल्याची वाट धरावी लागे. आज सातबाराचा उतारा, पीक पाहणीची नोंद, बँकेचा व्यवहार आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज यांपैकी पुष्कळसे काम तळहातावर मावणाऱ्या यंत्रावर होते. ही सोय लहान नव्हे. एक दिवसाची मजुरी बुडवून, एस. टी.चे भाडे खर्चून जे काम होत असे, ते घरबसल्या होऊ लागले आहे.

परंतु ज्या पेटीत घरातील सर्व कागदपत्रे, पैसे, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे एकत्र ठेवली जातात, त्या पेटीच्या किल्ल्या किती जणांपाशी आहेत, याची चौकशी कोणताही शहाणा गृहस्थ करील. मोबाइल ही आज अशीच पेटी झालेली आहे आणि तिच्या किल्ल्या आपण स्वतःच, बहुधा न वाचता, वाटीत असतो. त्या कशा वाटल्या जातात, कायद्याने आपल्याला कोणते संरक्षण दिले आहे आणि करमणुकीच्या खेळांशी या प्रश्नाचा काय संबंध आहे, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

खासगीपणा ही परकी कल्पना नव्हे

खासगीपणा ही शहरातील सुखवस्तू लोकांची चैन आहे, असा एक समज आढळतो. ‘आमच्यापाशी लपवण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न खेड्यातील माणूस सहज विचारतो. वस्तुतः झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ओळखलेले आहे. घरावर कर्ज किती, मुलीच्या लग्नाची बोलणी कोठे चालली आहेत, घरात कोणाला कसले दुखणे आहे, या गोष्टी आपण चावडीवर सांगत नाही. त्यात लपवाछपवी नसते. घराची अब्रू आणि माणसाचा स्वाभिमान असतो. मूठ कधी आणि कोणापुढे उघडायची हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच खासगीपणाचा अर्थ आहे.

या अधिकाराला संविधानाचा आधार स्पष्टपणे मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. १९५४ व १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयांत असा स्वतंत्र मूलभूत हक्क मान्य झाला नव्हता. पुढे महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात १९९० साली न्यायालयाने असे सांगितले, की स्त्रीचे चारित्र्य कसेही समजले जात असो, तिच्या घरात मन मानेल तेव्हा शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही. अखेर निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच, म्हणजे अनुच्छेद २१ चा, अविभाज्य भाग आहे.

या याचिकेचा विषय होता आधार. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. शासकीय लाभासाठी आधारचा वापर न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये वैध ठरवला. तथापि खासगी कंपन्यांना आधार क्रमांक मागण्याची सरसकट मुभा देणारी तरतूद रद्द केली. लाभ घेण्यासाठी ओळख पटवणे वेगळे आणि वाटेल त्या दुकानदाराने आधारची प्रत मागून घेणे वेगळे, हा भेद प्रत्येकाने ध्यानी ठेवावा. झेरॉक्स प्रत द्यावीच लागली, तर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात अशी ‘मास्क्ड’ आधारची प्रत काढून घेण्याची सोय आधार प्राधिकरणाने ठेवलेली आहे. बोटांच्या ठशांचा वापर बंद करून ठेवण्याची, म्हणजे ठशांना कुलूप लावण्याची सोयही आहे. बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढण्याची पद्धत ज्या भागात रूढ आहे, तेथे या कुलपाचे महत्त्व विशेष आहे. पैसे काढायचे असतील तेव्हा ते उघडावे आणि काम झाल्यावर पुन्हा लावावे.

‘अनुमती द्या’ म्हणजे काय?

मोबाइलमध्ये नवे ॲप घेतले, की पडद्यावर प्रश्न उमटतो : या ॲपला तुमचे स्थान, संपर्कांची यादी, कॅमेरा किंवा छायाचित्रे पाहण्याची अनुमती द्यायची काय? बहुतेक जण घाईने होकाराच्या जागी बोट ठेवतात. हा होकार हीच ती किल्ली होय.

पूर्वी अँड्रॉइड प्रणालीच्या मोबाइलमध्ये ॲप घेतानाच सर्व अनुमत्या एकदम द्याव्या लागत. २०१५ साली आलेल्या आवृत्तीपासून प्रत्येक गोष्टीची अनुमती स्वतंत्रपणे मागितली जाऊ लागली. २०१९ पासून स्थानाची अनुमती केवळ ॲप वापरीत असतानाच देण्याचा पर्यायही मिळाला. म्हणजे नाही म्हणण्याचे साधन यंत्रातच आहे. ते वापरण्याची सवय मात्र लागलेली नाही.

होकार द्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी तांत्रिक शिक्षण लागत नाही. मागितलेल्या वस्तूचा कामाशी संबंध आहे काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. शेतातील घडलेले उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्यांना आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीद्वारे स्वतः करता येऊ लागली. हे ॲप स्थान विचारते आणि कॅमेराही मागते. पीक कोणत्या गटात उभे आहे याची खातरजमा त्याशिवाय होणार नाही, तेव्हा ही मागणी रास्त आहे. याउलट विजेरीप्रमाणे उजेड देण्यापुरतेच असलेले ॲप आपण कोठे आहोत हे विचारू लागले, तर संशय घ्यावा. अमेरिकेत नेमका हाच प्रकार घडला. लक्षावधी लोकांनी घेतलेले विजेरीचे एक मोफत ॲप वापरणाऱ्याचे स्थान जाहिरात कंपन्यांना परस्पर पुरवीत असल्याचे उघड झाले आणि २०१३ साली तेथील व्यापार आयोगाने त्याच्यावर कारवाई केली.

बाजारात फुकटाचे माप कोणी घालीत नाही. मोफत मिळणाऱ्या ॲपचा खर्च बहुधा जाहिरातींतून निघतो आणि कोणती जाहिरात कोणास दाखवायची हे ठरवण्यासाठी आपल्याविषयीची माहिती हवी असते. आपण कोठे जातो, काय शोधतो, किती वाजता जागे असतो, यांची एकेक नोंद क्षुल्लक वाटते. त्या एकत्र जोडल्या म्हणजे माणसाचे संपूर्ण चित्र उभे राहते. पुण्या-मुंबईच्या संगणक उद्योगात काम करणारी मुले सुटीत गावी आली, की वडिलांच्या मोबाइलमधील निम्मी ॲप प्रथम काढून टाकतात, ती याच कारणास्तव.

जाहिरातींचा उपद्रव एक वेळ सोसवेल. परंतु झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपनी या अनुमतीचा जो दुरुपयोग केला, तो अनेक कुटुंबांच्या जिवावर बेतलेला आहे. पेरणीच्या तोंडावर किंवा घरात दुखणे आले असता दोन-चार हजारांची निकड भासते. ॲप पैसे देते आणि त्याबरोबर संपर्कांची यादी व छायाचित्रे उचलून नेते. हप्ता चुकताच नातेवाइकांना, सोयऱ्यांना दूरध्वनी जातात. छायाचित्रांत फेरफार करून बदनामीची धमकी दिली जाते. सावकार पूर्वी उंबऱ्याशी येऊन बसे. हा सावकार मोबाइलमधील प्रत्येक नात्याच्या उंबऱ्याशी एकाच वेळी जातो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले, की कर्ज देणाऱ्या ॲपला संपर्कांची यादी, दूरध्वनींची नोंद किंवा छायाचित्रे यांना हात लावता येणार नाही. २०२५ पासून नियमित संस्थांशी जोडलेल्या कर्ज ॲपची यादीही रिझर्व्ह बँकेने आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. जे ॲप कर्जासाठी संपर्कांची यादी मागते, ते त्या मागणीनेच नियमबाह्य ठरते.

मराठीतून विचारण्याचा हक्क

व्यक्तीच्या माहितीचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा संसदेने २०२३ साली केला. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम’ असे त्याचे स्वरूप असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती संरक्षण मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी प्रथम अमलात आल्या आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांच्या पूर्ततेसाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली.

या कायद्याचा गाभा सोपा आहे. माहिती घेणाऱ्याने कोणती माहिती आणि कशासाठी हवी, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सुलभ असले पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसून टाकावी, चुकीची असल्यास दुरुस्त करावी, चोरीस गेल्यास संबंधित व्यक्तीला कळवावे, अशी बंधने आहेत. सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद भाषेची आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे कायदा सांगतो. त्या २२ भाषांत मराठी आहे. इंग्रजी मजकुराच्या वीस-पंचवीस पानांखाली घेतलेला होकार हा खऱ्या अर्थाने होकार नव्हता. यापुढे मराठीतून विचारा, असे म्हणण्याचा हक्क रिसोडच्या शेतकऱ्याला आणि शेतमजुरालाही आहे.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनुदान, दाखले, परवाने यांसारख्या सेवा देताना शासनाने माहिती वापरण्यासाठी प्रत्येक वेळी नवी संमती घ्यावी, असे बंधन कायद्याने ठेवलेले नाही. ज्याच्याकडे असा अधिकार असतो, त्याची जबाबदारी तितकीच वाढते. लाभार्थ्यांच्या याद्या, आधारच्या प्रती आणि बँक खात्यांचे क्रमांक कचेरीत किंवा सेवा केंद्रात उघड्यावर पडलेले दिसू नयेत. सेवा केंद्रात काम झाल्यावर आपल्या कागदपत्रांच्या प्रती परत मागण्यात नागरिकानेही संकोच बाळगू नये.

खेळ कोठे संपतो, जुगार कोठे सुरू होतो?

मोबाइलचा सर्वाधिक वापर घरातील मुले करतात आणि तो मुख्यत्वे खेळांसाठी. खेळ आणि खासगीपणा हे दोन वेगळे विषय वाटतात. पण त्यांची वाट एकच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ ॲपवर बंदी घातली, तीत मुलांच्या आवडीचा ‘पबजी’ हा खेळ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ या खेळावर बंदी आली. दोन्ही वेळी मुद्दा हिंसेचा नव्हता. भारतीयांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा होता. नव्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

पैसे लावून खेळण्याच्या खेळांचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्या राज्याला तो नवा नाही. मुंबईतील ‘आकडा’ हा जुगार मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद भावांवर लावला जाई आणि १९६० च्या दशकात त्याचेच मटक्यात रूपांतर झाले. वऱ्हाडचा शेतकरी ज्या कापसावर घाम गाळी, त्याच कापसाच्या भावावर शहरात असे डाव लागत. जुगारास प्रतिबंध करणारा आपल्या राज्यातील कायदा १८८७ सालचा आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्याने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निःसंदिग्धपणे सांगितले, की जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे.

तरीही एक पळवाट राहिली होती. जुन्या कायद्यात नशिबाचा खेळ आणि कौशल्याचा खेळ असा भेद होता. रमीसारखे पत्त्यांचे खेळ आणि क्रिकेटचे काल्पनिक संघ रचण्याच्या स्पर्धा कौशल्याच्या नावाखाली मोबाइलवर आल्या आणि नामवंतांच्या जाहिरातींनी त्या घरोघर पोहोचवल्या. मटक्याच्या अड्ड्यावर जाण्याची ज्याला लाज वाटली असती, तो तरुण अंथरुणात पडल्या पडल्या डाव लावू लागला. सुमारे ४५ कोटी लोकांना याची झळ पोहोचून त्यांचे वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान होते, असा अंदाज केंद्र शासनाने मांडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने हा भेद पुसला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा; जिंकण्याच्या आशेने पैसे लावावे लागत असतील, तर तो पुरवणे हा गुन्हा ठरवण्यात आला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. तो फसवला गेलेला आहे, अशी दृष्टी ठेवली आहे. कायदा संमत होताच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. या कायद्यास आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या. परदेशातून चालणारी बेकायदा संकेतस्थळे मात्र कायद्याला जुमानीत नाहीत. तेथे लावलेला पैसा परत मिळवण्यास दाद मागायची तरी कोणाकडे?

पैसे न लावता खेळले जाणारे खेळ आणि ई-क्रीडा यांना कायद्याने उत्तेजनच दिले आहे. ॲनिमेशन व खेळनिर्मिती या उद्योगांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली धोरण मंजूर केले. बुद्धिबळ हा खेळ तर पडद्यावरही उत्तम शिकता येतो. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून विदर्भाच्या मुलांपुढे आदर्श ठेवला आहे. मात्र मोफत खेळांतही रोज हजेरी लावल्यास बक्षीस, हरल्यावर पुन्हा डाव मिळवण्यासाठी अल्प रक्कम, अशी गळाची योजना असते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीची गणना विकारांत केली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. मुलाच्या हाती मोबाइल द्यावा. पैसे देण्याचा गुप्त क्रमांक देऊ नये.

दुरुस्तीस देताना, विकताना

मोबाइल बिघडला, की तो कुलूप उघडण्याच्या क्रमांकासह दुकानात ठेवून येण्याची पद्धत सर्वत्र आहे. दुरुस्ती करणारा कारागीर प्रामाणिक असला, तरी पेटी उघडी ठेवून जाणे शहाणपणाचे नाही. शक्य तर समोर बसून दुरुस्ती करून घ्यावी. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये खासगी मजकूर झाकून ठेवणारी दुरुस्तीसाठीची स्वतंत्र सोय असते, तिची चौकशी करावी.

जुन्या मोबाइलच्या बदल्यात टोपली किंवा भांडे देणारे फेरीवाले गावोगाव फिरतात. बंद पडलेल्या यंत्रातही छायाचित्रे आणि संदेश शिल्लक असू शकतात. म्हणून मोबाइल चालू असतानाच सर्व मजकूर पुसून, मगच तो विकावा. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले असून त्यावर सुटे भाग व हमी यांची माहिती मिळते. सदोष वस्तूबाबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस आयोगात शुल्क पडत नाही.

फसवणूक झाल्यास

पैशांची फसवणूक झाल्याचे ध्यानी येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा आणि बँकेस कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखता येण्याचा संभव अधिक असतो. मोबाइल हरवल्यास पोलिसांत नोंद करून ‘संचार साथी’ या सेवेद्वारे तो निरुपयोगी करता येतो. त्यासाठी यंत्राचा पंधरा अंकी ओळख क्रमांक लागतो. *#०६# दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. आजच वहीत टिपून ठेवावा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हेही त्याच सेवेवर पाहता येते. पोलिसांच्या वेषात पडद्यावर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारा माणूस भामटा असतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही.

फसवणूक झालेला माणूस बहुधा लाजेपोटी गप्प बसतो. घरच्यांनी दोष देण्यापूर्वी तक्रार नोंदवण्यास साह्य करावे, कारण त्याच्या मौनामुळे दुसरे घर त्याच जाळ्यात सापडते. घरातील एकच मोबाइल सर्वांनी वापरण्याची पद्धत असल्यास स्त्रियांनाही त्यातील अनुमत्या, गुप्त क्रमांक आणि १९३० हा क्रमांक माहीत असावा; आपल्या खात्यातील रक्कम कोठे गेली हे कळण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.

नवे तंत्र टाळून आता कोणाचे काम चालणार नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. आज सायंकाळी दहा मिनिटे काढून घरातील मोबाइलच्या सेटिंगमध्ये जावे, कोणत्या ॲपला काय अनुमती दिली आहे ते घरातील सर्वांनी मिळून पाहावे आणि कामाशी संबंध नसलेली प्रत्येक अनुमती काढून घ्यावी. कायदा आणि शासन आपल्या पाठीशी आहेत. परंतु मूठ झाकून ठेवणे किंवा उघडणे शेवटी ज्याच्या त्याच्या हाती आहे.